शेकाच्या मधे गणपती आले तर?

पत्र : माझी आई ६१ वर्षांची. आमचं गाव देवगड तालुक्यात. फेब्रुवारीत कॅन्सरसाठी ऑपरेशन करून तिचा डावा स्तन काढला, मग केमो झाली. आता मुंबईला मावशीकडे राहून छातीवर इलेक्ट्रॉनचे १५ शेक (रेडिएशन) घ्यायचे आहेत, सोमवार ते शुक्रवार, रोज एक. येत्या सोमवारी सुरू होतील. वाडीत लोक म्हणतात, करंट देऊन मांस जाळतात. आई घाबरली आहे. ती विचारते, गाठ तर काढून टाकली, मग आता जाळायचं काय? आणि थोडं थोडं पंधरा वेळा कशाला, एकदाच काय ते करा. शेजारच्या काकींना २५ दिले होते, मला १५च का, हाही घोर. नातू दोन वर्षांचा आहे, त्याला जवळ घ्यायचं की नाही? मासे बंद करायचे का? त्या जागेवर खोबरेल लावलं तर चालेल? आणि सगळ्यात मोठं म्हणजे दुसऱ्या आठवड्यात गणपती आहेत. घरचा गणपती पाच दिवसांचा. आई म्हणते, पाच दिवस गावी जाऊन येऊ, मग उरलेले घेऊ. चालेल का?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर :

ताई, गणपतीचं आधी घेऊ, कारण तुमच्या हातात सोमवारपर्यंतचेच दिवस आहेत. शेक एकदा सुरू झाले की मधे पाच दिवस थांबू नये. आईला गणपतीला घरी असायचंच असेल तर त्याचं बोलणं आत्ता व्हायला हवं, पहिला शेक लागायच्या आधी. उद्याच रुग्णालयात फोन करा, चतुर्थीची आणि विसर्जनाची तारीख सांगा आणि स्पष्ट विचारा, विसर्जनानंतरच्या सोमवारी सुरुवात केली तर चालेल का? केमो संपून किती दिवस झाले आणि काखेतल्या गाठींचा रिपोर्ट काय आहे हे पाहून डॉक्टर हो किंवा नाही म्हणतील. काही रुग्णांना तेवढे दिवस थांबता येतं, काहींना येत नाही. तो निर्णय त्यांचाच. पण उशिरा सुरू करणं वेगळं आणि सुरू करून मधेच सोडणं वेगळं. यातला फरक आईला नीट समजला तर ती स्वतःच सुट्टी मागणार नाही, म्हणून तो सविस्तर सांगतो.

‘शेक’ या शब्दानेच निम्मा घोटाळा होतो. शेक म्हटलं की तवा, विस्तव, गरम पाण्याची पिशवी डोळ्यांपुढे येते. इथे तापवणं नाहीच. पंधरा भागांचा नेहमीचा डोस एकूण ४० ग्रे असतो, म्हणजे एका वेळी २.६७ ग्रे. (आईच्या फाइलमध्ये नेमका आकडा लिहिलेला असेल, तो पाहा.) एक ग्रे म्हणजे एक किलो ऊतीत मुरलेली एक ज्यूल ऊर्जा. एका शेकाच्या ऊर्जेने छातीचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढंही वाढत नाही. गरम चहाच्या एका घोटाने तोंड याच्या हजारो पट तापतं. तेव्हा मांस जळत नाही. पुढे कातडी काळवंडते, सोलवटते, म्हणून ती भाजल्यासारखी दिसते, पण तिचं कारण वेगळं आहे आणि ते पुढे येईलच.

‘करंट’चंही तसंच. मशीनमधून बाहेर पडतात ते इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेच्या तारेत असतात तेच कण, हे खरं. पण शॉक बसायला शरीरातून बराच मोठा प्रवाह जावा लागतो. इथे कण इतके थोडे असतात की प्रवाह म्हणून शरीराला त्यांची जाणीवच होत नाही. वेग मात्र प्रचंड, प्रकाशाच्या वेगाच्या ९९ टक्क्यांहून जास्त. टेबलावर पडल्यावर आईला मशीनची घरघर ऐकू येईल, बाकी काही कळणार नाही. खोलीत ती एकटी असेल, पण बाहेर कॅमेऱ्यावर तिच्याकडे लक्ष असतं आणि हाक मारली तर ऐकू जाते. हे आधीच सांगून ठेवा. पहिल्या दिवशी जड दार बंद होतं तेव्हाच बायका जास्त घाबरतात.

या मशीनचं नाव लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर, रुग्णालयात सगळे लिनॅक म्हणतात. त्यात सूक्ष्मलहरींच्या जोरावर इलेक्ट्रॉन एका नळीतून पळवले जातात. एक्स-रे हवे असतील तर हे इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या तुकड्यावर आपटतात. इलेक्ट्रॉनच वापरायचे असतील तर तो तुकडा बाजूला सरकतो आणि त्या जागी धातूचा पातळ पत्रा येतो. नळीतून येणारा बारीक झोत या पत्र्यामुळे पसरतो. मग खाली पेटीसारखी एक चौकट जोडतात, अ‍ॅप्लिकेटर. तिचं टोक कातडीपासून साधारण ५ सेंटिमीटरवर येतं. त्या टोकाशी आईच्या छातीच्या मापाचं भोक असलेला धातूचा जाड साचा बसवतात. शिसं आणि बिस्मथ असलेल्या ज्या मिश्रधातूचा तो बनतो, तो ७० अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून प्रत्येक रुग्णासाठी नवा साचा ओतता येतो. भोकाबाहेरचा भाग त्या धातूने झाकला जातो.

या सगळ्यात किरणोत्सारी पदार्थ कुठेच नाही. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या वादापासून आपल्या भागात रेडिएशन हा शब्द ऐकला की माणसं धास्तावतात, ते समजण्यासारखं आहे. कोबाल्टच्या मशीनमध्ये कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू असतो, लिनॅकमध्ये तोही नसतो. बटण बंद केलं की किरण संपले, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसे. आईच्या अंगात काही साठत नाही, घामातून, ताटातून, कपड्यांतून कुणाला काही लागत नाही. नातवाला खुशाल जवळ घ्यावं. फक्त डाव्या हाताने उचलू नये, बसून मांडीवर घ्यावं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातावर भार नको, आणि दोन वर्षांच्या पोराची लाथ नेमकी नाजूक कातडीवर बसते.

एक्स-रे न देता इलेक्ट्रॉन का निवडले, हे आईला जरूर सांगा, कारण ते ऐकून धीर येतो. एक्स-रे शरीरात आरपार जातात. इलेक्ट्रॉन थोडं अंतर जाऊन थांबतो. ऊतीत शिरल्यावर दर सेंटिमीटरला त्याची सुमारे २ एमईव्ही (हे अशा कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा खर्च होते. भौतिकतज्ज्ञांचा ठोकताळा सोपा आहे. ऊर्जेच्या आकड्याला ३ ने भागा, साधारण तेवढ्या सेंटिमीटरपर्यंत डोस उपयोगाचा. २ ने भागा, तिथे इलेक्ट्रॉनचा प्रवास संपला. म्हणजे ६ एमईव्हीचा झोत २ सेंटिमीटरपर्यंत काम करतो आणि ३ वर थांबतो, ९ एमईव्हीचा ३ पर्यंत काम करतो आणि साडेचारवर थांबतो. त्यापुढे जातो तो किंचितसा एक्स-रेचा अंश. स्तन काढल्यावर छातीची भिंत काही सेंटिमीटरांचीच उरते आणि तिच्यामागे फुप्फुस आणि हृदय. डाव्या बाजूला तर हे फारच महत्त्वाचं. म्हणून सीटी स्कॅनवर भिंतीची जाडी मोजून ऊर्जा ठरवतात.

आता पेशीत काय होतं ते.

६ एमईव्हीचा एक इलेक्ट्रॉन थांबेपर्यंत वाटेतल्या दीड-दोन लाख रेणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन उडवून लावतो. पेशीत ७० टक्के पाणी, त्यामुळे मार बहुतेक पाण्यालाच बसतो. फुटलेल्या पाण्यातून हायड्रॉक्सिल नावाचा एक कमालीचा चळवळ्या तुकडा तयार होतो. त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढं आणि धाव काही नॅनोमीटरची (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). एवढ्यात जे सापडेल त्याला तो ओरबाडतो. जवळ डीएनए असेल तर डीएनएला. निम्म्याहून अधिक, साधारण दोनतृतीयांश इजा अशी पाण्याच्या मार्फत होते. उरलेली इलेक्ट्रॉनच्या थेट धक्क्याने.

डीएनए म्हणजे दोन पदरी सुंभ समजा. काथ्याचे दोन पदर एकमेकांभोवती पिळलेले, जाडी २ नॅनोमीटर. एकच पदर तुटला तर सुंभ सुटत नाही. शेजारचा पदर शाबूत असतो आणि त्याच्याबरहुकूम तुटलेला जोडता येतो. पेशी हे काम रोजच करत असते, किरण नसतानाही. खरा घात होतो दोन्ही पदर एकाच जागी तुटले की. मग मोकळी टोकं उरतात आणि नमुना म्हणून धरायला काही नसतं. एका ग्रेच्या डोसला एका पेशीत एकपदरी तुटी हजारभर होतात, दुपदरी ३५ ते ४०. आईच्या एका शेकाला म्हणजे प्रत्येक पेशीत शंभरेक दुपदरी तुटी. यातल्याही बहुतेक जोडल्या जातात, पण घाईत काही चुकीची टोकं एकमेकांना जोडली जातात. अशा पेशीत एखाद्या गुणसूत्राला, म्हणजे डीएनएच्या गुंडाळीला, दोन मध्यबिंदू येतात. विभाजनात गुणसूत्र ओढलं जातं ते याच बिंदूला धरून. पेशीचं विभाजन व्हायला लागलं की तेच गुणसूत्र दोन्हीकडून ओढलं जातं आणि फाटतं. पेशी मरते ती तिथे, विभाजनाच्या वेळी. शेक लागला त्या मिनिटाला नव्हे. काही पहिल्याच विभाजनाला मरतात, काही दोन-तीन विभाजनं रेटून मग.

हे आईला दोनदा सांगा. शेक घेऊन बाहेर आल्यावर ‘काहीच तर झालं नाही’ असं वाटणार आहे, आणि शेक संपून आठवडा झाल्यावर ‘आता तर जास्तच झालं’ असं वाटणार आहे. दोन्हींचं कारण हेच. तूट सेकंदाच्या अंशात होते, मरण दिवसांनी आणि आठवड्यांनी येतं.

गाठ काढल्यावर आता काय उरलंय, या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. हाताला लागते ती गाठ कोट्यवधी पेशींची असते. ऑपरेशननंतर कातडीखाली, व्रणाच्या रेषेत, छातीच्या भिंतीत काही पेशी सुट्या उरल्या असतील, तर त्या कुठल्याच स्कॅनवर दिसत नाहीत. सुरीला त्या सापडत नाहीत, इलेक्ट्रॉन त्या सगळ्या जागेवरून फिरतो.

पण इलेक्ट्रॉनला कॅन्सरची पेशी कोणती आणि निरोगी कोणती हे कळत नाही. तुटी दोघींतही सारख्याच पडतात. फरक नंतरच्या तासांत पडतो. निरोगी पेशी तूट दिसली की थांबते, दुरुस्ती उरकते, मगच पुढे विभाजनाकडे जाते. कॅन्सरच्या पेशीचे ब्रेक बहुधा आधीच निकामी झालेले असतात. पी-५३ नावाचं जे प्रथिन पेशीला थांबवतं, तेच अनेक कॅन्सरमध्ये बिघडलेलं असतं. ती तुटीसकट विभाजनात शिरते. हा फरक एका दिवसात थोडासाच असतो. पंधरा दिवस रोज घेतला की मोठा होतो. एकदाच सगळा डोस दिला तर निरोगी कातडीला दुरुस्तीची संधीच मिळणार नाही. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांनी मेंढ्यांवर हे दाखवून दिलं. वृषणं निकामी व्हावीत एवढा डोस एका दमात दिला की वरची कातडी खराब व्हायची. तोच परिणाम डोस अनेक दिवसांत वाटून दिल्यावर मिळायचा आणि कातडी टिकायची. आजचे सगळे शेक त्याच पायावर उभे आहेत.

आता हिशेब पाहा. समजण्यापुरतं धरा की प्रत्येक शेकाला उरलेल्या कॅन्सर पेशींतल्या निम्म्या मरतात. पाच शेकांनंतर ३२ पैकी एक उरते, दहानंतर १,०२४ पैकी एक, पंधरानंतर ३२,७६८ पैकी एक. म्हणजे शेवटचे पाच सोडले तर ३२ पट जास्त पेशी मागे राहतात. ‘आता बरं वाटतंय, उरलेले नको’ असं म्हणायची सोय यात नाही.

मधली सुट्टी या हिशेबावर उलट बाजूने चालते. दोन शेकांच्या मधल्या तासांत निरोगी पेशी दुरुस्ती करतात, बहुतेक काम सहा तासांत उरकतं. त्यापुढचा रिकामा वेळ कॅन्सरच्या उरलेल्या पेशींच्या कामी येतो, त्या पुन्हा वाढू लागतात. शनिवार-रविवारची विश्रांती मूळ आखणीत धरलेली आहे. पण सोमवार ते शुक्रवार सोडले तर दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस छातीवर काहीच पडत नाही. पाच दिवसांची सुट्टी नऊ दिवसांची होते ती अशी. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरइतक्या झपाट्याने वाढत नाहीत, त्यामुळे पावसाने लोकल बंद पडली, मशीन बिघडलं, ताप आला म्हणून एखादा दिवस बुडाला तर घाबरायचं नाही. त्याच दिवशी कळवा. बुडालेला शेक शनिवारी देतात, किंवा एखाद्या दिवशी दोन देतात, मधे किमान सहा तास ठेवून. ते सहा तास कशासाठी, ते आता तुम्हाला कळलंच आहे. आपल्या मनाने मात्र दिवस बुडवायचे नाहीत.

शेजारच्या काकींचे २५ आणि आईचे १५ यांत कमी-जास्त औषधोपचाराचा प्रश्न नाही. पूर्वी ५० ग्रे २५ भागांत द्यायचे. ब्रिटनमधल्या ‘स्टार्ट’ चाचण्यांनी दाखवलं की ४० ग्रे १५ भागांत दिले तरी कॅन्सर तितकाच आटोक्यात राहतो. रोजचा डोस थोडा मोठा, म्हणून एकूण आकडा लहान.

पेशींना प्राणवायू मिळणं इथे कळीचं आहे. तुटलेल्या जागी प्राणवायू चिकटला की तूट पक्की होते आणि दुरुस्त होणं अवघड जातं. प्राणवायू नसलेल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. म्हणून केमोनंतरचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. १० च्या खाली असेल तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. घरात विडी-सिगारेट असेल तर आईच्या खोलीत बंद. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. आई मिश्री लावत असेल तर तीही सोडायला लावा. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी भरून यायला वेळ लागतो.

त्याच कारणाने ‘कॅन्सरवर चांगल्या’ म्हणून मिळणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्या, जास्त डोसचं व्हिटॅमिन ई किंवा सी, हळदीच्या कॅप्सूल शेक चालू असताना डॉक्टरांना न विचारता देऊ नका. हायड्रॉक्सिलचा जो तुकडा कॅन्सरच्या पेशीला मारतो, त्यालाच निष्प्रभ करण्याचा या गोळ्यांचा दावा असतो. आमटीतली हळद आणि सोलकढीतलं कोकम यांचं काही भय नाही, तेवढ्याने काही बिघडत नाही. आणि मासे बंद करायचे तर मुळीच नाहीत. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या यायला प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम. आईचं वजन ५५ किलो असेल तर ५५ ते ८० ग्रॅम. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात १९-२० ग्रॅम प्रथिनं असतात. बांगडा, तारली, अंडी, कुळथाची पिठी, मऊ भात किंवा पेज, जे गोड लागेल ते द्या. तिसऱ्या, कालवं मात्र पूर्ण शिजवूनच. केमोनंतर पांढऱ्या पेशी सावरलेल्या नसतील तर अर्धकच्चं खाणं बाधतं.

कातडीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागेल. कातडीच्या तळाच्या थरातल्या पेशी सतत विभागत असतात आणि वर यायला त्यांना सुमारे चार आठवडे लागतात. शेकाने मरतात त्या तळाच्या. वरच्या जुन्या पेशी नेहमीप्रमाणे झडत राहतात, खालून नव्या पुरेशा येत नाहीत. म्हणून पहिला आठवडा छातीवर काहीच दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खाज, कोरडेपणा आणि काळसरपणा येतो. पुस्तकांत ‘लाली’ लिहिलेली असते. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाल न दिसता काळपट दिसते, तेव्हा लालीची वाट पाहू नका. सगळ्यात वाईट दिवस शेवटच्या शेकानंतरच्या एक-दोन आठवड्यांत येतात, नेमके गावी परतल्यावर. काखेच्या घडीत कातडी ओली होऊन सोलवटू शकते. पुढे तीन-चार आठवड्यांत ती भरून येते.

आंघोळ करावी. कोमट पाणी, सौम्य साबण, ओरखडेल असं घासायचं नाही, मऊ कपड्याने टिपून घ्यायचं. शेकाची जागा दाखवणाऱ्या शाईच्या खुणा पुसू नयेत. त्या पुसट झाल्या तर घरी पेनाने गिरवायच्या नाहीत, तंत्रज्ञांना सांगायचं. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे सैल झंपर शिवून घ्या. मुंबईच्या भाद्रपदातल्या घामाला नायलॉन आणि घट्ट इलॅस्टिक नको. टाल्कम पावडर नको, सुगंधी काही नको, गरम पाण्याची पिशवी आणि बर्फही नको. कडुलिंबाचा पाला, हळद, कोरफड यांचे लेप करू नका. ज्या दिवशी कातडी उघडते त्या दिवशी लेपातून जंतू आत जातात.

खोबरेलाबद्दल विचारलंत ते बरं केलंत. शेकाआधी अजिबात नको. कारण समजण्यासाठी एक गोष्ट माहीत हवी. कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचा डोस अगदी वरच्या पापुद्र्यात पूर्ण नसतो, ६ एमईव्हीला तिथे कमाल डोसच्या ७५-८० टक्केच असतो, कमाल सेंटिमीटरभर आत असते. छातीवर कॅन्सर परतला तर बहुतेकदा कातडीत, व्रणाच्या आसपास परततो, म्हणून काही दिवस किंवा रोज छातीवर जेलीची मऊ लादी ठेवतात, बहुतेक वेळा ५ मिलिमीटर जाडीची. तिला बोलस म्हणतात. त्यामुळे डोस पाच मिलिमीटर वर सरकतो. तेलाचा, मलमाचा जाड थर नको तिथे तेच करतो, शिवाय शाई पुसते. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलेलं मलम किंवा त्यांना विचारून बिनवासाचं तेल, पातळ हात फिरवण्यापुरतं. कातडी ओली झाली की तेल बंद, लगेच दाखवायचं.

बोलसखाली हवा राहिली तर तिथल्या कातडीला डोस कमी पडतो. म्हणून तंत्रज्ञ लादी दाबून बसवत असतील तेव्हा आईने अंग चोरू नये. साखळी, ताईत, काळा दोरा, मंगळसूत्र त्या भागावरून काढून ठेवायला सांगतील. इलेक्ट्रॉन धातूत अडतो, मण्याच्या मागे सावली पडते आणि कडेला डोस वाढतो. मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल तर त्या दहा-पंधरा मिनिटांपुरतं ते सोबतच्या माणसाच्या हातात द्यावं. डावा हात डोक्यावर नेऊन रोज तसाच निजावं लागतं. ऑपरेशननंतर खांदा आखडला असेल तर हीच मोठी अडचण होते. भिंतीवर बोटांनी चढत चढत हात वर नेण्याचा व्यायाम आजपासून सकाळ-संध्याकाळ करून घ्या, शेक संपल्यावरही चालू ठेवा.

आता पुन्हा गणपती. डॉक्टरांनी पुढे ढकलायला नकार दिला तर आईने मुंबईतच राहावं. घरची पूजा भावकीतलं कुणीतरी करेल, आईला मावशीकडे सुपारीचा गणपती मांडून रोजची आरती करता येईल. चतुर्थीच्या दिवशी रुग्णालयाचा विभाग उघडा असतो की बंद, ते आधीच विचारून ठेवा. तो दिवस ते आखणीतच धरतील. त्या आठवड्यात मुंबईतले सगळे नातेवाईक गावी निघतात, तेव्हा आईसोबत रोज जायला कोण थांबणार हे आज ठरवा. दुसऱ्या आठवड्यात थकवा वाढतो, एकटीने लोकलने जाणं तिला जमणार नाही. आणि डॉक्टर हो म्हणाले, आई आधी गावी आली, तरी चाकरमान्यांच्या गर्दीच्या गाडीत, ऑपरेशनचा हात दाबला जाईल अशा डब्यात तिला बसवू नका. आरक्षण करूनच आणा. कॅन्सरच्या उपचारासाठी आणि तपासणीसाठी प्रवास करताना रेल्वे स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ करते, सोबत्याला ७५ टक्के सवलत देते. त्यासाठी रुग्णालयाच्या सहीशिक्क्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. तो फाइल करताना पहिल्याच दिवशी मागून घ्या. शेकांचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हेही त्याच खिडकीवर विचारा.

शेक संपल्यावर आई गावी येईल तेव्हा छातीला वर्षभर थेट ऊन नको. कातडी पूर्ण भरेपर्यंत समुद्राचं पाणी नको, चुलीसमोर वाकून मोदक उकडणंही नको. ताप, पू, किंवा सोलवटलेला भाग वाढत जाणं, यातलं काही दिसलं तर मुंबईच्या तारखेची वाट न पाहता जवळच्या डॉक्टरांकडे न्या. डाव्या हाताला सूज किंवा जडपणा आला तर तेही सांगा. आणि शेक संपल्यावर एक ते तीन महिन्यांत कोरडा खोकला, धाप, बारीक ताप सुरू झाला तर साधा पावसाळी खोकला समजून काढ्यावर ठेवू नका. इलेक्ट्रॉन आत फार जात नसले तरी भिंतीला लागून असलेल्या फुप्फुसाच्या कडेला सूज येऊ शकते, आणि वेळेवर ओळखली तर ती औषधाने उतरते. गावच्या डॉक्टरांना हे आपोआप सुचेलच असं नाही. म्हणून आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : डावी छाती, इलेक्ट्रॉन, एकूण किती ग्रे, किती शेक आणि शेवटच्या शेकाची तारीख.